नावं सरकली, फोटो जागेवरच राहिले : एका वधू-वर सूचीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात स्वतंत्रपणे डिझाइनची कामं घ्यायला लागून मला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. लग्नपत्रिका, दुकानाचे बोर्ड, गणेशोत्सवाचे अहवाल अशी फुटकळ कामं यायची. त्यातच एका समाज मंडळाचं काम आलं. दरवर्षी त्यांचा वधू-वर मेळावा भरतो आणि त्या दिवशी नोंदणी केलेल्या सगळ्यांची छापील सूची वाटली जाते. तोवर ती सूची शिवाजी पेठेतले एक ज्येष्ठ डीटीपी ऑपरेटर एकेक नोंद हाताने बसवून तयार करायचे. त्यांनी काम थांबवलं म्हणून मंडळ माझ्याकडे आलं.

कामाचा आवाका असा : १८७ मुली आणि २२५ मुलं, म्हणजे ४१२ नोंदी. ए-फोर आकाराच्या पानावर चार नोंदी, आत एकरंगी छपाई, एकूण ११२ पानं, ५०० प्रती. प्रत्येक नोंदीत नोंदणी क्रमांक, फोटो, नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, मूळ गाव, मामाचं आडनाव, अपेक्षा आणि पालकांचा नंबर. हातात पंधरा दिवस. दर मी पानाला ८० रुपये सांगितला, आणि तो पहिला निर्णयच चुकला होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

मंडळाची आणि सचिवांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत. तांत्रिक गोष्टी मात्र घडल्या तशाच सांगते. या धंद्यात नव्याने येणाऱ्याला त्यांचाच उपयोग आहे.

समोरचे पर्याय

हाताने बसवायचं म्हटलं तर एका नोंदीला साधारण बारा मिनिटं, म्हणजे ४१२ नोंदींना ब्याऐंशी तास. शिवाय प्रूफानंतर, म्हणजे छपाईआधीची प्रत तपासून झाल्यावर, क्रम बदलला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. तो पर्याय मी लगेच सोडला.

प्रेसमध्ये कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या प्रिंट मर्जमध्ये मजकूर आपोआप भरता येतो, पण त्यांच्याकडची आवृत्ती जुनी होती आणि तिच्यात फोटो भरता येत नव्हते. फोटोशिवाय वधू-वर सूची होत नाही. स्क्रायबस हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळते आणि स्क्रायबस जनरेटर नावाची जोड वापरून सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमधून) पानं तयार करता येतात. तीन दिवस मी त्यावर हात बसवून पाहिला. काम झालं असतं, पण मुदत जवळ आणि साधन अनोळखी, हे जमेना. शेवटी इनडिझाइन या तशाच सॉफ्टवेअरचं एका महिन्याचं सदस्यत्व घेतलं आणि त्यातलं डेटा मर्ज वापरायचं ठरवलं.

डेटा मर्जची कल्पना सोपी आहे. एक्सेलमध्ये एका माणसाची एक ओळ. प्रत्येक रकान्याला शीर्षक. ज्या रकान्यात फोटोच्या फाइलचं नाव असेल त्याच्या शीर्षकाआधी ‘@’ हे चिन्ह. इनडिझाइनमध्ये एकाच नोंदीचा साचा बनवायचा, बाकीच्या नोंदी ते स्वतः भरतं. एक्सेलमध्ये ‘@’ ने सुरू होणारं शीर्षक लिहायला गेलं की ते सूत्र समजून अडवतं, म्हणून आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकावं लागतं. एवढ्याशा गोष्टीत माझा अर्धा तास गेला होता.

खरी अडचण : माहितीची फाइल

साचा दोन दिवसांत तयार झाला. माहितीची फाइल साफ करायला मात्र सहा दिवस लागले.

निम्म्या नोंदी गुगल फॉर्मवरून आल्या होत्या, निम्म्या कागदी फॉर्मवरून. कागदी फॉर्म मंडळातल्या दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी टाइप केले होते, तेही श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये. जुन्या प्रेसमध्ये आणि ऑफिसांत हा प्रकार अजून आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आजच्या प्रमाण पद्धतीचा, म्हणजे युनिकोड फॉन्ट लावला की सगळा कचरा समोर येतो. कन्व्हर्टरने रूपांतर करून घेतलं तरी रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा काही ठिकाणी हलल्याच. ‘पर्यवेक्षक’, ‘कार्यालय’, ‘विद्यापीठ’ असे शब्द शोधून शोधून मी हाताने दुरुस्त केले.

गावांच्या नावांचाही त्रास होता. ‘हातकणंगले’ चार तऱ्हांनी लिहिलेलं. ‘कऱ्हाड’ दिसायला सगळीकडे सारखंच, पण काही जणांच्या कीबोर्डने त्यातला अर्धा र एका पद्धतीने साठवलेला, काहींच्या कीबोर्डने दुसऱ्या. शोध घेतला की निम्म्याच नोंदी सापडायच्या. तालुक्यांची नावं निवडयादीत दिली असती तर हा प्रश्न मुळात आलाच नसता.

सगळ्यात वाईट प्रकरण उंचीचं. ते नीट सांगते, कारण ही चूक दिसत नाही. काहींनी ‘५-४’ लिहिलं होतं, एक्सेलने त्याची ५ एप्रिल ही तारीख केली. ते निदान डोळ्यांना खुपतं. पण काहींनी पाच फूट दहा इंच म्हणून ‘५.१०’ लिहिलं, आणि एक्सेलने शेवटचं शून्य काढून ‘५.१’ केलं. पाच फूट दहा इंचांचा मुलगा पाच फूट एक इंचाचा झाला. ज्याची उंची खरोखरच पाच फूट एक इंच आहे त्याचीही नोंद तशीच. पडद्यावर बघून कोण कोणता हे ठरवायला काहीच मार्ग नाही. असे तेवीस जण निघाले. कागदी फॉर्म उघडून आणि उरलेल्यांच्या घरी फोन करून एकेक तपासला. लग्नाच्या बाजारात नऊ इंचांचा फरक म्हणजे येणारं स्थळ न येणं. त्यानंतर मी फूट आणि इंच असे दोन वेगळे रकाने केले.

शिक्षणात ‘बी.ई., एम.टेक.’ असा स्वल्पविराम असला की सीएसव्हीत पुढचे रकाने सरकण्याची भीती असते. शिवाय एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. म्हणून फाइल ‘युनिकोड टेक्स्ट’ या प्रकारात जतन केली. तीत रकाने टॅबने वेगळे होतात आणि मराठी शाबूत राहतं. पहिल्यांदा मर्ज केलं तेव्हा ‘शिक्षण’ची वेलांटी भलतीकडे आणि ‘स्थापत्य’मधला स पाय मोडून उभा. परिच्छेदाच्या शैलीत वर्ल्ड-रेडी कंपोजर हा देवनागरीसारख्या लिप्या जुळवणारा पर्याय निवडल्यावर जोडाक्षरं जागेवर आली. फॉन्ट ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ घेतला. लहान आकारातही तो वाचता येतो, आणि सूची वाचणारे बहुतेक आईवडील पन्नाशीच्या पुढचे असतात.

फोटोंना कुठलीच युक्ती चालली नाही. गुगल फॉर्मवर चढवलेल्या फोटोच्या नावापुढे चढवणाऱ्याच्या खात्याचं नाव लागतं. बहुतेक मुलींचे फोटो वडिलांनी नाहीतर मामांनी चढवलेले, म्हणजे मुलीच्या फोटोवर मामाचं नाव. प्रत्येक फोटो उघडून, फॉर्मशी ताडून, त्याला नोंदणी क्रमांकाचं नाव दिलं. कातरायलाही हातच लागला, कारण चौकटीत आपोआप बसवायला दिलं की कुणाचं कपाळ जायचं तर कुणाची हनुवटी. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटोही या आकाराला पुरले. फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो मात्र नाही. असे नऊ परत मागवले.

पहिलं प्रूफ नोंदणीच्या क्रमाने काढलं. मंडळाच्या चार जणांनी बसून दोन दिवसांत तपासलं. नाव, फोटो, नंबर सगळं बरोबर. शेवटच्या पानावर सही झाली.

चूक कशी झाली

सहीनंतर दुसऱ्या दिवशी सचिवांचा फोन आला. समितीचं मत पडलं होतं की क्रम नोंदणीचा नको, वयाचा हवा. शिवाय चौदा ठिकाणी फोन नंबर आणि नोकरी बदलायची होती. ते म्हणाले, “मॅडम, तुम्हाला कशाला त्रास. एक्सेल पाठवा, मी रात्री बसून करतो.” वयाने आणि मानाने मोठा माणूस मदत करतो म्हणतो, मला बरंच वाटलं. मी फाइल पाठवली.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच होता, आणि तेव्हा तो क्षण आहे हे मला कळलं नाही.

फाइलमध्ये मजकुराचे रकाने डावीकडे होते आणि फोटोचा रकाना सगळ्यात उजवीकडे. दोन्हींच्या मध्ये मी एक रकाना रिकामा सोडला होता, फक्त डोळ्यांना वेगळं दिसावं म्हणून. एका घरात क्लिक करून क्रमवारी लावायला सांगितली की एक्सेल सलग भरलेला भाग आपणहून ओळखतं आणि रिकाम्या रकान्यापाशी थांबतं. सचिवांनी जन्मतारखेवर क्लिक करून क्रम लावला. डावीकडचा सगळा मजकूर नव्या क्रमाने बसला आणि उजवीकडचे फोटो होते तिथेच राहिले. एक्सेलमधल्या मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही शीटमध्ये तेच. मग त्यांनी चौदा दुरुस्त्या केल्या आणि फाइल परत पाठवली.

मी मर्ज चालवलं. काही मिनिटांत ११२ पानं तयार झाली. चौकटीबाहेर गेलेला मजकूर : शून्य. न सापडलेले फोटो : शून्य. चौदाही दुरुस्त्या उघडून पाहिल्या, बरोबर. मुलींचा विभाग वेगळा आणि मुलांचा वेगळा असल्यामुळे मुलीच्या नावापाशी मुलीचाच फोटो होता, वरवर पाहताना काहीच खटकलं नाही. इनडिझाइनच्या त्या अहवालांवर मी विश्वास ठेवला. फोटोची फाइल आहे की नाही एवढंच ते सांगतात, ती कुणाची आहे हे त्यांना ठाऊक नसतं. तपासलेलं प्रूफ एका क्रमाचं आणि छापायला गेलेली फाइल दुसऱ्या क्रमाची, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सही जुन्या प्रूफावर होती, ती मी नव्या फाइलला लागू धरली.

मेळावा रविवारी होता. बुधवारी दुपारी लक्ष्मीपुरीतल्या प्रेसमधून बोलावणं आलं. पहिला फर्मा, म्हणजे एका कागदावर छापली जाणारी आठ पानं, मनोगत आणि जाहिरातींचा, तो ठीक होता. दुसरा फर्मा, पान ९ ते १६, छापून झाला होता आणि तिसऱ्याच्या दोन्ही प्लेटा निघाल्या होत्या. मशीनमननी एक ओला कागद टेबलावर पसरला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. “ताई, ही आमच्या गल्लीतली पोरगी हाय. नाव दुसरीचंच पडलंय हितं.”

मी नोंदणी क्रमांक पाहिला, मोबाइलवर फोटोंचा फोल्डर उघडला. नाव वेगळं होतं. शेजारची नोंद पाहिली, तीही चुकलेली. तिच्या खालचीही. त्या एका कागदावर बत्तीस मुली होत्या.

काय केलं

पहिला प्रश्न होता, सांगायचं कुणाला आणि कधी. रात्रीतून गुपचूप दुरुस्त करून प्लेटांचे पैसे स्वतः भरले असते तर मंडळाला कळलंही नसतं. पण कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. कारण शोधायचं तर सचिवांनी फाइलला नेमकं काय केलं हे विचारावंच लागणार होतं. मी प्रेसमधूनच फोन केला. आधी छपाई थांबवल्याचं सांगितलं, मग चूक सांगितली, आणि मग विचारलं, “काका, क्रम लावताना तुम्ही कुठे क्लिक केलंत?” ते पंधरा मिनिटांत प्रेसमध्ये आले. फाइल उघडून दोघांनी मिळून पाहिलं तेव्हा तो रिकामा रकाना सापडला.

दुसरा प्रश्न छापलेल्या कागदांचा. पाचशे कागद, प्रत्येकावर बत्तीस मुलींचे चेहरे, चुकीची नावं आणि घरचे फोन नंबर. प्रेसमधला खराब कागद रद्दीत जातो आणि रद्दीतून पुड्या बांधायला. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मालकांना विनंती केली आणि सगळा गठ्ठा कटिंग मशीनवर आधी उभा, मग आडवा बारीक कापून घेतला. मी शेवटपर्यंत तिथे उभी होते. मोजलेल्या कागदांतला एकही बाहेर गेला नाही याची खात्री करून मगच निघाले.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. माझ्याकडे सहीच्या दिवशीची जुनी फाइल होती. तिच्यावरून सुरुवात केली असती तर फोटो बरोबर आले असते, पण सचिवांच्या चौदा दुरुस्त्या पुन्हा हाताने कराव्या लागल्या असत्या आणि त्यातली एखादी सुटली असती. म्हणून नवी फाइल कायम ठेवली, तिच्यातला फोटोचा रकाना पुसला आणि नोंदणी क्रमांकावरून व्हीलुकअप या एक्सेलच्या शोधून आणणाऱ्या सूत्राने जुन्या फाइलमधून फोटोचं नाव परत आणलं. व्हीलुकअपमध्ये तंतोतंत जुळणी मागावी लागते. ती न मागता अंदाजे जुळणी राहिली तर ते भलत्याच ओळीतलं उत्तर बिनतक्रार देतं. रिकामा रकाना काढला आणि सगळ्या भागाचं एक्सेल टेबल केलं, म्हणजे पुढे क्रम लावला तरी पूर्ण ओळ एकत्र हलेल.

आता पटवायचं कसं? माझ्या शब्दावर आता कुणी प्रेसला फाइल देणार नव्हतं, आणि देऊही नये. त्या रात्री जी युक्ती सुचली ती मी आता प्रत्येक कामात वापरते. फोटोंची एक प्रत काढली आणि इमेजमॅजिक या मोफत साधनाने प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्याच्या फाइलचा क्रमांक मोठ्या अक्षरात उमटवला. त्या फोटोंवर मर्ज चालवून फक्त तपासणीचं प्रूफ काढलं. आता प्रत्येक नोंदीत दोन क्रमांक होते, एक मजकुरात, एक फोटोवर. चेहरा ओळखायची गरजच उरली नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता मंडळाच्या दोन ताई आणि मी बसलो. एक फोटोवरचा क्रमांक वाचायची, दुसरी मजकुरातला, मी खूण करायची. ४१२ नोंदींना अडीच तास लागले. एकही चूक निघाली नाही. मग क्रमांक नसलेले मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये त्याच नावांनी ठेवून शेवटचं मर्ज केलं, वीस पानं अधूनमधून उघडून पडताळली आणि साडेदहाला फाइल प्रेसला दिली. सही या वेळी नव्या प्रूफाच्या पहिल्या पानावर घेतली, तारीख आणि वेळ घालून.

काय झालं

शनिवारी रात्री नऊ वाजता बाइंडिंग होऊन गठ्ठे मंगल कार्यालयात पोहोचले. मेळाव्यानंतर दोन चुका कळल्या, एक नोकरीच्या गावाची आणि एक जन्मवेळेची. दोन्ही मूळ फॉर्ममध्येच तशा होत्या. मंडळाने त्या आपल्या पुढच्या पत्रकात दुरुस्त केल्या. फोटोची एकही तक्रार आली नाही.

चार प्लेटा, कागद आणि छपाई मिळून साधारण तीन हजारांचं नुकसान मी पूर्ण माझ्या बिलातून वळतं केलं. सचिवांनी निम्मं घ्यायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं. आज मला वाटतं ते बरोबर नव्हतं. रिकामा रकाना माझा, तपासणी न करणंही माझं. पण सही झाल्यावर क्रम बदलण्याची किंमत त्यांच्या समितीपर्यंत पोहोचायला हवी होती. ती मी एकटीने सोसल्यामुळे सहीनंतरचे बदल फुकट होतात अशीच समजूत राहिली असती.

आणि दर. ११२ पानांचे ८,९६० रुपये. साफसफाई, फोटो, साचा, तपासणी धरून माझे चौऱ्याहत्तर तास गेले, म्हणजे नुकसान वजा करण्याआधी तासाला एकशे एकवीस रुपये. पान बनायला काही सेकंद लागतात, मेहनत सगळी नोंदीत आहे. त्यामुळे आता मी साच्याची एकरकमी फी, माहिती साफ करण्याचे प्रत्येक नोंदीमागे पैसे आणि सहीनंतरच्या प्रत्येक फेरीचे वेगळे असं सांगते. काही गिऱ्हाइकं निघून जातात. जी राहतात ती फॉर्म नीट भरून आणतात.

आज वेगळं काय केलं असतं

फॉर्म माझ्याकडून गेला असता. उंचीला दोन रकाने, तालुक्याला निवडयादी, अपेक्षेला अक्षरमर्यादा. फोटोचा रकाना हाताने भरलाच नसता, नोंदणी क्रमांकावरून सूत्राने तयार केला असता. मग क्रम कुणीही, कसाही लावला तरी फोटो आपल्या माणसाबरोबरच चालला असता.

एक्सेल पाठवली नसती. दुरुस्त्या नोंदणी क्रमांकासह यादीत मागितल्या असत्या. यात एक अडचण आहे हे मान्य करते. आपल्याकडे मंडळाची कामं जिव्हाळ्यावर चालतात, आणि मदतीला आलेल्या माणसाला फाइल न देणं उद्धटपणाचं वाटू शकतं. तेव्हा मला तसंच वाटलं होतं. आता मी कामाच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाकते, मग नंतर कुणाला वाईट वाटत नाही.

यंदा त्याच मंडळाचं काम पुन्हा आलं. सही झाल्यावर दोन दिवसांनी सचिवांचा निरोप आला. सोबत फाइल नव्हती. नोंदणी क्रमांकांची यादी होती आणि तिच्याखाली एक ओळ : “क्रम असा हवा. लावायचा तुम्ही, आणि क्रमांकवालं प्रूफ आधी पाठवा. आम्ही सकाळी सातला बसतो.”